‘फ्रेट्री’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

उंबरठा

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळासाठी मी प्राचीन अथेन्सवर एक छोटी पुस्तिका लिहीत आहे. मूल जन्मल्यापासून तो ‘अथेन्सचा नागरिक’ म्हणून मान्य होईपर्यंत त्याला कोणकोणते उंबरठे ओलांडावे लागत, हा तिचा विषय आहे. वाचनात पानोपानी एक शब्द आडवा येतो, तो म्हणजे ‘फ्रेट्री’. मूळ ग्रीक शब्द ‘फ्रात्रिया’. इंग्रजीतही तो दुर्मीळच आहे. इतिहासाच्या आणि मानववंशशास्त्राच्या पुस्तकांबाहेर तो मला कधी भेटलेला नाही.

अर्थ थोडक्यात असा. अथेन्सच्या जुन्या समाजरचनेत सर्वांत मोठा गट ‘फ्युले’, म्हणजे जमात. तिच्या पोटात फ्रात्रिया आणि काही फ्रात्रियांच्या पोटात ‘गेनोस’, म्हणजे कूळ. फ्रात्रियाचे सभासद एकमेकांना ‘फ्रातेरेस’ म्हणत. वडील आपल्या मुलाला या मंडळींपुढे आणून, देवाला बळी देऊन, तो आपला औरस मुलगा असल्याची शपथ घेत आणि मग मंडळी त्याला आपल्यात घेत.

माझ्या हाताशी असलेल्या कोशांत ‘कुलसमूह’, ‘गोत्रसंघ’ असे शब्द मिळतात. ते अर्थाला धरून आहेत, परंतु वाचताना त्यांतून माणसे दिसत नाहीत. ‘भ्रातृसंघ’ हा शब्द मी स्वतः घडवून पाहिला, तोही पाठ्यपुस्तकी वाटतो. मूळ शब्द तर लोकांच्या रोजच्या बोलण्यातला होता. आपण काय सुचवाल?

ताम्रपट

शब्द सुचवण्यापूर्वी त्याची व्युत्पत्ती पाहावी, कारण या शब्दाचे सारे मर्म तिथेच आहे. ग्रीक ‘फ्रातेर’, संस्कृत ‘भ्रातृ’, लॅटिन ‘फ्रातेर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ ही एकाच मुळाची रूपे आहेत. मात्र इतर बहुतेक भाषांत हा शब्द सख्ख्या भावासाठी टिकला, तर ग्रीकमध्ये तो सख्ख्या भावावरून उठून गटातल्या ‘भावावर’ जाऊन बसला. मग सख्ख्या भावाला ग्रीक लोक काय म्हणत? ‘आदेल्फोस’, म्हणजे एकाच गर्भातला. आपल्याकडचा ‘सगर्भ्य’ हा संस्कृत शब्द त्याच मुळाचा आणि त्याच घडणीचा आहे. ‘सहोदर’ हा अर्थाने त्याचाच सोबती.

म्हणजे ग्रीकांनी रक्ताच्या भावासाठी दुसरा शब्द योजला आणि ‘भाऊ’ हा मूळ शब्द समाजाच्या भावासाठी राखून ठेवला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनुवादात ‘भाऊ’ हा धातू हरवता कामा नये, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यामुळे ‘कुलसमूह’ मला पटत नाही.

गोदाकाठ

मग ‘भावकी’ हा शब्द समोर असताना आपण कोशात कशाला शोधतो आहोत? ‘भाऊ’ हा भ्रातृवरूनच आलेला आणि ‘भावकी’ हे त्याचेच भाववाचक रूप. आमच्या गावात आजही ‘भावकीतले लोक जमले’, ‘भावकीला विचारल्याशिवाय ठरवू नका’ असे रोज ऐकू येते.

दीपमाळ

गोदाकाठ यांची सूचना आकर्षक आहे, पण मला तीत एक धोका दिसतो. आपली भावकी म्हणजे एका मूळ पुरुषापासूनचा वंश, निदान तशी ठाम समजूत. ग्रीक फ्रात्रियाबद्दल तसे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी कुटुंब, कुटुंबांचे कूळ, कुळांची फ्रात्रिया, फ्रात्रियांची जमात आणि जमातींचे राज्य अशी सुबक उतरंड रचली खरी; परंतु १९७६ मध्ये द्नी रूसेल आणि फेलिक्स बूरिओ या दोन फ्रेंच अभ्यासकांनी, स्वतंत्रपणे काम करून, ती उतरंड खिळखिळी केली. हे गट आदिम काळापासून चालत आलेले रक्ताचे गट नसून नगरराज्याच्या घडणीबरोबरच आकाराला आलेले आहेत, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

आणखी एक पुरावा पाहा. अथेन्सचे नागरिकत्व बहाल झालेल्या परक्या माणसालाही फ्रात्रिया मिळत असे. इ.स.पू. ४०९ मध्ये कॅलिडॉनच्या थ्रासिबुलसला नागरिक करून घेणारा ठराव दगडावर कोरलेला आहे आणि त्यात त्याने आपल्या पसंतीची जमात व फ्रात्रिया निवडावी, असे म्हटले आहे. आपल्या पसंतीची भावकी निवडता येते का? मी ‘बिरादरी’ सुचवेन. तो शब्द फारसी ‘बिरादर’वरून आला आहे आणि तोही भ्रातृच्याच मुळाचा आहे, त्यामुळे ताम्रपट यांची अट पूर्ण होते.

सांजवात

‘बिरादरी’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात आधी जात येते. अथेन्समध्ये फ्रात्रियांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड नव्हती, म्हणून हा शब्द टाळावा असे माझे मत आहे.

उंबरठा

दीपमाळ यांच्या थ्रासिबुलसच्या उदाहरणाने मला खरोखर विचारात पाडले. तरीही एक शंका विचारते. बाहेरचा माणूस ‘भाऊ’ म्हणून घेतला जातो, म्हणजे तो गट रक्ताचा नाही असे ठरते, की रक्ताची भाषा त्या लोकांना इतकी आवश्यक वाटे की बाहेरच्यालाही तिच्यात ओवून घ्यावे लागे, असे ठरते?

ताम्रपट

उंबरठा यांच्या शंकेला एका जुन्या तुकड्यात उत्तर सापडते. फिलोखोरोस या अथेन्सच्या इतिहासकाराने एक नियम नोंदवून ठेवला आहे. फ्रात्रियाच्या लोकांनी ‘ऑर्गेओनेस’ आणि ‘होमोगालाक्तेस’ या दोघांनाही आपल्यात घेतलेच पाहिजे, असा तो नियम. पहिले म्हणजे एखाद्या देवाच्या किंवा वीरपुरुषाच्या पूजेसाठी एकत्र आलेले लोक. दुसऱ्या शब्दाचा सरळ अर्थ ‘एकाच दुधाचे’ असा होतो आणि फिलोखोरोस सांगतो की हे म्हणजेच कुळवाले. एकत्र पूजा करणारे आणि एका दुधाचे असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच ‘भाऊ’पणाखाली येत होते. म्हणून रक्त की करार, असा प्रश्न अथेन्सच्या माणसाला पडत नसावा. त्याला दोन्ही चालत होते, फक्त भावांच्या साक्षीने आणि देवाच्या वेदीपुढे.

कोरांटी

या सगळ्यात प्रत्यक्ष सण कसा होता, ते कोणी सांगितलेले नाही. त्याशिवाय शब्द ठरवणे म्हणजे माणूस न पाहता सदऱ्याचे माप घेण्यासारखे होईल, म्हणून लिहिते.

फ्रात्रियाचा मोठा सण ‘अपातुरिया’. तो प्यानोप्सिओन महिन्यात, म्हणजे आपल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, तीन दिवस चाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकत्र जेवण, त्याला ‘दोर्पिया’ म्हणत. दुसऱ्या दिवशी ‘अनार्‍हिसिस’, म्हणजे झ्यूस फ्रात्रिओस आणि अथीना फ्रात्रिया यांना बळी. तिसरा दिवस ‘कुरेओतिस’, मुलांचा. तान्ह्या मुलासाठी ‘मेइओन’ नावाचा बळी, मुलगा वयात येऊ लागला की त्याचे केस कापून ‘कुरेइओन’ नावाचा दुसरा बळी आणि लग्न झाले की नवऱ्याकडून ‘गामेलिया’.

सणाच्या नावाबद्दल खुद्द ग्रीकांत एक कथा होती. ‘अपाते’ म्हणजे कपट. मेलान्थोसने द्वंद्वयुद्धात कपटाने झान्थोसला मारले, त्यावरून हे नाव पडले असे ते सांगत. भाषाभ्यासक मात्र हे नाव ‘एकाच पित्याचे’ अशा अर्थाच्या जुन्या रूपावरून आले असे मानतात आणि मलाही तेच पटते. हेरोडोटस तर सांगतो की मूळ अथेन्सहून आलेले आणि अपातुरिया पाळणारे ते सगळे आयोनियन, म्हणजे ग्रीकांच्या एका शाखेचे. इफिसस आणि कोलोफोन एवढी दोनच नगरे हा सण पाळत नसत, तीही एका खुनाच्या कारणावरून.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. समुद्रात बुडालेल्या ॲटलांटिसची जी कथा जगभर पसरली, ती प्लेटोने याच सणाच्या तिसऱ्या दिवशी सांगितलेली दाखवली आहे. त्याच्या ‘तिमाइओस’ या संवादात क्रितिआस हे पात्र म्हणते की तो तेव्हा सुमारे दहा वर्षांचा होता आणि आजोबा नव्वदीकडे झुकलेले होते. वडीलधाऱ्यांनी मुलांना कविता म्हणायला लावून बक्षिसे ठेवली होती आणि त्या ओघात आजोबांनी ती हकिकत सांगितली. जेवणे आटोपली आहेत, मुले पाठ केलेल्या कविता म्हणत आहेत आणि म्हातारी माणसे जुन्या गोष्टी काढत आहेत. फ्रात्रिया म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा या दृश्यातून अधिक कळते.

गोदाकाठ

कोरांटी, फार सुंदर लिहिले आहे. या वर्णनानंतर तर ‘भावकी’वरचा माझा विश्वास दुणावला.

मोडीवाचक

उंबरठा यांच्या पुस्तिकेला उपयोगी पडेल असा एक शिलालेख आहे, त्याविषयी सविस्तर लिहितो.

अथेन्सच्या उत्तरेला देकेलेया नावाचे गाव होते. आजच्या तातोईच्या परिसरात. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धात इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने ते काबीज करून तिथे कायमचा तळ ठोकला आणि युद्ध संपेपर्यंत तो हलवला नाही. गावातले लोक परागंदा झाले. युद्धानंतर माणसे परतली, तेव्हा कोण आपला आणि कोण गोंधळात घुसलेला, हा प्रश्न उभा राहिला असल्यास नवल नाही. इ.स.पू. ३९६/९५ मध्ये तिथल्या फ्रात्रियाने नियम ठरवून संगमरवरावर कोरून घेतले. ज्यांची पडताळणी झालेली नाही त्यांच्याबाबत मंडळींनी ताबडतोब निर्णय करावा, मतदान वेदीवरून मतखडे उचलून व्हावे, ज्याचा हक्क नाही असे ठरेल त्याचे नाव वहीतून खोडावे आणि ज्याने त्याला आत आणले त्याने १०० द्राख्मा (चांदीची नाणी) दंड भरावा. निर्णय मान्य नसेल त्याला दाद मागता येई, पण तिथेही हरला तर दंड १००० द्राख्मा.

त्या लेखात मला सर्वांत जिवंत वाटतो तो पुजाऱ्याच्या हक्काचा भाग. प्रत्येक मेइओनमागे पुजाऱ्याला मांडी, बरगडी, कान आणि तीन ओबोल (छोटी नाणी) रोख. कुरेइओनमागे मांडी, बरगडी, कान, एक खोइनिक्स (धान्याचे माप) पिठाची पोळी, अर्धी कोतिले (द्रवाचे माप) दारू आणि एक द्राख्मा. दगडावर छिन्नीने कोरलेला बळीच्या जनावराचा कान! नागरिकत्वाचा कायदा आपण नेहमी मोठमोठ्या शब्दांत वाचतो. इथे तो पुजाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या मांसाच्या तुकड्यांपर्यंत खाली उतरलेला दिसतो.

पुढे ज्या मुलाला आत आणायचे, त्याचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि तिच्या वडिलांचे नाव पांढऱ्या रंगवलेल्या फळीवर लिहून देकेलेयाचे लोक जिथे जमतात तिथे लावावे, असा नियम झाला. ही जमण्याची जागा कोणती, याचा धागा लिसिअस या वक्त्याने लिहिलेल्या न्यायालयातल्या एका भाषणात मिळतो. देकेलेयाचे लोक अथेन्स शहरात हर्मिसच्या खांबांजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानात जमत, असे तो सांगतो.

कोरांटी

मोडीवाचक, आपण लिहिलेल्या त्या फळीवर आईचे आणि आजोबांचे नाव आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. स्त्रियांची सर्वसाधारणपणे फ्रात्रियात नोंद होत नसे. परंतु इ.स.पू. ४५१/५० मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असणे आवश्यक ठरले आणि तिथून आईची ओळख सिद्ध करणे हा प्रत्येक घराचा प्रश्न झाला. तिचे नाव कोणत्याही वहीत नाही, मग साक्ष कुणाची? इसाइओस या दुसऱ्या वक्त्याच्या एका भाषणात वारसाचा दावा करणारा मुलगा सांगतो की माझ्या वडिलांनी आईशी लग्न केले, तेव्हा फ्रातेरेसना गामेलियाची मेजवानी दिली होती. त्या बाईचे अवघे नागरिक अस्तित्व त्या जेवणाला आलेल्या पुरुषांच्या आठवणीवर उभे आहे. हे वाचताना मला वाईट वाटले आणि ते मी लपवणार नाही. ‘भावकी’ म्हणताना तिच्यात बहिणींची नोंद नाही, हेही पुस्तिकेत यावे, अशी उंबरठा यांना विनंती.

उंबरठा

अवश्य येईल. त्यासाठी स्वतंत्र प्रकरण करते.

झाडीपट्टी

चर्चा ग्रीसपुरती चालू आहे, परंतु ‘फ्रेट्री’ या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचलेला आहे, म्हणून थोडे लिहितो.

अमेरिकन अभ्यासक लुईस हेन्री मॉर्गन याने १८७७ च्या आपल्या ग्रंथात हा ग्रीक शब्द उचलून उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वाय लोकांना लावला. त्यांच्यातल्या सेनेका जमातीत आठ कुळे होती. अस्वल, लांडगा, बीव्हर आणि कासव ही एका फ्रेट्रीत, तर हरिण, स्नाइप पाणपक्षी, बगळा आणि ससाणा ही दुसऱ्या फ्रेट्रीत. तिथून तो शब्द मानववंशशास्त्रात रुळला आणि फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राजगोंडांविषयी लिहिताना तो वापरला. गोंडांत चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे मोठे गट आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात अनेक कुळे आहेत. माझे आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातले. तिथे आमचे गोंड शेजारी सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न ‘किती देवांचे?’ हाच विचारत. सात देव असलेल्याने सात देवांच्याच घरची मुलगी करायची नाही. ती बहीण ठरते.

नेमका इथेच ग्रीक आणि गोंड अर्थांत मोठा फरक पडतो. अथेन्सच्या फ्रात्रियात आपापसांत लग्न करू नये असा नियम नव्हता. उलट वडील एक आणि आई वेगळी अशा बहिणीशीही तिथे लग्न चालत असे. म्हणून मॉर्गनने एकच शब्द दोन्हीकडे लावला, ते माझ्या मते घाईचे झाले. मराठीत आपण ती घाई करू नये. गोंडांच्या गटाला त्यांचा स्वतःचा ‘सगा’ हा शब्द आहे, तोच ठेवावा. ग्रीक गटाला वेगळा शब्द द्यावा.

दीपमाळ

झाडीपट्टी, हा भेद फार मोलाचा आहे. मग ‘भावकी’वर माझा आक्षेप आणखी पक्का होतो. आपल्याकडे भावकीत लग्न होत नाही. अथेन्समध्ये होऊ शकत होते. वाचक गैरसमज करून घेईल.

वाटाड्या

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी भाषांतराच्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. हा पेच आपल्याआधी दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस ग्रीक वाचकांसाठी रोमचा इतिहास लिहीत होता. रोमच्या ‘कुरिया’ला, म्हणजे तिथल्या नागरिकांच्या गटाला, ग्रीकमध्ये काय म्हणावे, हे त्याला ठरवायचे होते आणि त्याने ‘फ्रात्रा’ हा शब्द निवडला. कुरिया आणि फ्रात्रिया यांची रचना तंतोतंत एक नव्हती. तरी त्याने नवा शब्द घडवण्यापेक्षा आपल्या वाचकाच्या घरातला शब्द पुढे केला आणि फरक मजकुरात सांगितला. भाषांतरकाराने हेच करावे, असे मला मनापासून वाटते. शब्द घरचा घ्यावा आणि वेगळेपण वाक्यांतून दाखवावे.

होमरही ‘भावकी’च्या बाजूने साक्ष देतो. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात नेस्टर आगामेम्नॉनला सल्ला देतो की सैन्य जमातीजमातींनी आणि फ्रात्रियांनी वेगळे लाव, म्हणजे फ्रात्रिया फ्रात्रियाच्या मदतीला धावेल. नवव्या सर्गात तोच नेस्टर म्हणतो की आपल्याच लोकांतल्या भयंकर कलहाची ज्याला आवड, तो ‘अफ्रेतोर, अथेमिस्तोस, अनेस्तिओस’. तिन्ही शब्दांतला ‘अ’ संस्कृतातल्यासारखाच नकाराचा आहे. याचा अनुवाद मी ‘ज्याला ना भावकी, ना रीत, ना चूल’ असा करतो. इथे ‘भ्रातृसंघ’ घालून पाहावा, ओळीतला जीव निघून जातो.

सांजवात

‘ना भावकी, ना रीत, ना चूल’ — मी वहीत लिहून घेतले.

नांगरवाट

मी जहाजावर नोकरी केली आणि कामानिमित्त काही वर्षे पिरिअस बंदरात राहिलो. प्राचीन ग्रीक मला येत नाही, परंतु आजच्या ग्रीकमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हाच शब्द आज ‘फात्रिया’ असा टिकून आहे आणि त्याचा अर्थ झाला आहे गटबाजी करणारी टोळी. एखाद्या पक्षात किंवा कचेरीत आपापली माणसे धरून बसणाऱ्यांना तिथले लोक रागाने ‘फात्रिया’ म्हणतात. भावांच्या एकोप्याचा शब्द दुफळीचा झाला.

मराठीतही तेच झालेले नाही का? ‘भाऊबंदकी’ म्हणजे मुळात भाऊबंदांचे नाते. आज त्याचा अर्थ बांधावरून आणि वाटण्यांवरून चाललेले भांडण. सुटीवर घरी आलो की आमच्या कोकणातल्या आंब्याच्या कलमांच्या वाटणीचा विषय निघतोच, त्यामुळे हा अर्थबदल मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ताम्रपट

नांगरवाट यांनी या चर्चेत सर्वांत अनपेक्षित भर घातली. एकाच मुळातून निघालेले दोन शब्द, दोन दूरच्या भाषांत, एकमेकांना न विचारता एकाच दिशेने घसरले. ‘भाऊबंदकी’ त्यामुळे बाद होते. ‘भावकी’ मात्र अद्याप तशी घसरलेली नाही. तिच्यात भांडणही येते आणि खांदा देणेही येते.

प्राचीन फ्रात्रियातही दुःखाची बाजू होती. ड्राकोन या अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्याचा मनुष्यवधाचा कायदा इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा आणि तो इ.स.पू. ४०९/०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरला गेला. तो दगड अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. अक्षरे बरीच झिजली आहेत. हातून नकळत माणूस मेला असेल, तर क्षमा करण्याचा अधिकार मृताच्या बापाला, भावांना आणि मुलांना, त्यानंतर चुलतभावांपर्यंतच्या नात्याला. कुणीच उरले नसेल, तर फ्रात्रियातले दहा जण निवडावेत आणि त्यांनी त्याला परत येऊ द्यावे. घरचे कुणी नाही, तिथे हे मानलेले भाऊ उभे राहतात. माझ्या दृष्टीने ही भावकीच.

मोडीवाचक

या सणाचा गैरवापरही झाला, तेही नोंदवतो. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आले नाही. सेनापतींवर रोष होता आणि नेमका अपातुरिया आला. घराघरांतली माणसे एकत्र बसतात, तेव्हा न आलेल्यांची जागा डोळ्यांत भरते. झेनोफोन लिहितो की थेरामेनीस या पुढाऱ्याच्या लोकांनी सणात काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसे उभी केली आणि मृतांचे नातेवाईक म्हणून त्यांना सभेत नेले. अथेन्समध्ये असलेल्या सहा सेनापतींना देहदंड झाला.

वाटाड्या

थोडे हलके सांगतो, तेही विषयाला धरूनच. ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ नाटकात आर्खेदेमोस नावाच्या पुढाऱ्यावर कोटी आहे. सातव्या वर्षी मुलाचे दुधाचे दात पडून जे दात येतात, त्यांना ‘फ्रास्तेरेस’ म्हणत. नाटकात म्हटले आहे की हा सात वर्षांचा झाला तरी याला ‘फ्रातेरेस’ फुटले नाहीत. एका अक्षराच्या फरकाने दातांचे भाऊ झाले आणि त्याच्या नागरिकत्वावर शंका घेतली गेली. मराठीत ही कोटी साधणे मला जमलेले नाही. कुणाला जमली तर जरूर लिहावी.

कोरांटी

‘सात वर्षांचा झाला तरी याला दातही नाही आणि नातंही नाही’ असे चालेल का?

वाटाड्या

उत्तम! ‘दात’ आणि ‘नातं’ जवळ आले, अर्थही पोहोचला.

दीपमाळ

वाटाड्या आणि ताम्रपट यांचे प्रतिसाद वाचून मी माझा आक्षेप बराच मागे घेतो, संपूर्ण नाही. एक शेवटचा मुद्दा मांडतो. क्लेइस्थेनीसने इ.स.पू. ५०८/०७ मध्ये चार जुन्या जमातींच्या जागी दहा नव्या केल्या आणि नागरिकाची नोंद ‘देमोस’कडे, म्हणजे गावाकडे किंवा पेठेकडे दिली. असे १३९ देमोस ज्ञात आहेत. ‘अथेनियनांची राज्यव्यवस्था’ या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की कुळे, फ्रात्रिया आणि पुजारीपदे मात्र त्याने परंपरेप्रमाणे राहू दिली. मग जी सत्ता देमोसकडे गेली होती, ती जाऊनही पुढची दोनशे वर्षे लोक फ्रात्रियाला का धरून राहिले?

उंबरठा

दीपमाळ, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर डेमोस्थेनीसच्या एका भाषणात आहे आणि त्यामुळेच मी ही पुस्तिका लिहायला घेतली.

इ.स.पू. ३४६/४५ मध्ये सर्व देमोसांनी आपापल्या याद्या तपासाव्यात, असे ठरले. हालिमूस नावाच्या छोट्या देमोसात युक्सिथिअसच्या नावावर मतदान झाले ते अंधार पडल्यावर, बहुतेक माणसे घरी निघून गेल्यानंतर. तो सांगतो की तिथे जेमतेम तीस जण उरले होते आणि मोजणीत साठांहून अधिक मते निघाली. नाव कापले गेले. त्याने न्यायालयात दाद मागितली. हरला असता तर त्याला गुलाम म्हणून विकले गेले असते. विरोधकांचे म्हणणे काय, तर याचा बाप परक्यासारखे बोलतो आणि आई बाजारात फिती विकते. तो उत्तर देतो की वडील युद्धात पकडले जाऊन परमुलुखात विकले गेले होते, म्हणून बोली बदलली. आणि आईने फिती विकल्या, दुसऱ्यांच्या मुलांना दूध पाजणाऱ्या दाईचे काम केले, ते गरिबीमुळे. अशा वेळी तो साक्षीला कुणाला बोलावतो? नातेवाइकांना आणि फ्रातेरेसना. त्यांनीच त्याला पूर्वी आपला ‘फ्रात्रिआर्खोस’, म्हणजे फ्रात्रियाचा प्रमुख, निवडले होते.

नोंदवहीतले नाव एका रात्रीत खोडता आले. ज्यांच्यापुढे बापाने त्याला लहानपणी उभे केले होते, ती माणसे मात्र साक्ष द्यायला होती. निकाल काय लागला, ते भाषणात येत नाही. मी मात्र पुस्तिकेत ‘भावकी’ हाच शब्द वापरणार आहे. पहिल्या वेळी ‘फ्रात्रिया, म्हणजे अथेन्सची भावकी’ असे लिहून रक्त, लग्न आणि स्त्रियांची नोंद या तिन्ही बाबतींतला फरक तिथेच सांगेन.

दीपमाळ

फरक तिथेच सांगणार असाल, तर मला मान्य आहे. थ्रासिबुलसलाही जागा द्यावी.

उंबरठा

नक्की. आता एकच अडचण उरली. ‘फ्रात्रिआर्खोस’ला काय म्हणावे? ‘भ्रातृसंघप्रमुख’ अर्थातच नको.

झाडीपट्टी

‘म्होरक्या’ नको, त्याला हल्ली वाईट वास येतो. ‘पाटील’ वंशपरंपरेचा, तोही नको.

गोदाकाठ

तो निवडून आलेला, मतदान घेणारा, दंड वसूल करणारा आणि मंडळींची जमीन खंडाने देणारा माणूस होता ना? मग ‘कारभारी’. भावकीचा कारभारी.

उंबरठा

गोदाकाठ, अडलेले वाक्य सुटले. देकेलेयाच्या दगडावरचा तो नियम आता असा लिहिला आहे: ‘कारभाऱ्याने मुलाविषयी मतदान घेतले नाही, तर त्याने झ्यूस फ्रात्रिओसला ५०० द्राख्मा द्यावेत.’